पाठमोरी

जुलेखा तडवीला मी अकरा वर्षं पाठमोरी पाहिली.
गोलकीपरला आपली फॉरवर्ड दिसते ती तशीच,
मैदानाच्या पार टोकाला, करंगळीएवढी,
पाठीवर नऊ, वेणी दुमडून रबरात,
आणि डाव्या पोटरीवर चुलीचा डाग,
लांबून दिसायचा नाही, पण मला माहीत होता.

भुसावळचं रेल्वे ग्राउंड. गवत संक्रांतीपर्यंत,
मग नुसत्या भेगा. भेगेत चेंडू अडला की
हिगिन्स मास्तर ओरडायचे, "क्रॅक को भी डॉज दो, बेटा!"
रिटायर्ड ड्रायव्हर. एक कान वाफेच्या इंजिनानं खाल्लेला.
आम्ही हसायचो.
ती भेगेला डॉज द्यायची.

यावलकडून यायची, पहिल्या एसटीनं,
डब्यात कळण्याची भाकरी, आणि स्टिक
केळीच्या वाळल्या सोपटात गुंडाळलेली.
"काय वो, ऊस का?" कंडक्टर रोज विचारायचा.
रोज ती म्हणायची, "हो, चाखतो का?"
मी मागून ओरडायचे, "जुले, मागं ये! मागं ये वो!"
आमच्या डीमध्ये चौघी घुसलेल्या असायच्या.
ती आली नाही कधी.
पुढं उभी, एक पाय जमिनीवर घासत,
जणू चेंडू तिच्याकडे यायचाच आहे, उशीर झालाय इतकंच.

मग हॉलंड. रेल्वेचा संघ, पंधरा दिवसांचा सरावदौरा.
तिथं मॅचच्या आधी मैदानाला पाणी देत होते.
निळं गवत, प्लास्टिकचं, कुठलं ढोर खाणार नाही ते,
आणि त्यावर चारी बाजूंनी फवारे, दहा मिनिटं.
चेंडू पळावा म्हणून.
जुलेखा कडेला उकिडवी बसून पाहत राहिली.
"इंदू, आपल्या गल्लीचा अख्खा मे महिना गेला यात."
मग बूट काढला, आणि
एक पाय त्या ओल्यात ठेवून पाहिला.

त्यांची फॉरवर्ड आनेके, भुवया गव्हाच्या रंगाच्या.
गुडघ्यांत वाकून यायची तेव्हा आमच्याएवढी व्हायची,
सरळ झाली की गोल झालेला असायचा.
सहा-एक हरलो.
सहा माझे, एक तिचा.
माझे सहाही अजून सांगते, कुठला कुठल्या कोपऱ्यात.
तो एक मला दिसलाच नाही. पाठ दिसली,
पाठ थांबली, आणि दोन्ही हात खाली.
रात्री दोघींनी शर्ट बदलले.
आनेकेचा नारिंगी तिच्या गुडघ्यापर्यंत आला.

आनेकेचं पुढं काय झालं, ठाऊक नाही.
जुलेखाचं झालं ते असं: दोन शिबिरं, एक राखीव यादी,
आणि उजवा गुडघा, ज्याच्याबद्दल
जळगावचे डॉक्टर म्हणाले, चालायला पुरेल.

त्याआधी एकदाच ती समोरून आली.
बदली झाली होती नागपूरला, विभागांची फायनल होती.
तेव्हा कळलं, ती कुठं पाहते.
चेंडूकडे नाही. माझ्याकडे तर नाहीच नाही.
माझ्या खांद्याशेजारी टीचभर रिकामी जागा होती,
जी इतकी वर्षं माझीच असून मला माहीत नव्हती,
तिच्याकडे पाहत होती ती,
उतू जाणाऱ्या दुधाकडे पाहावं तशी.
मागं फळी वाजली.

आता टीसी आहे, सुरतेच्या गाडीवर. काळा कोट, तोही लांबच.
"मॅडम, एखादी जागा?" लोक मागं मागं फिरतात.
ती चार्ट उघडत नाही. डब्यातून एक नजर,
"बत्तीस. तो अमळनेरला उतरेल."
उतरतोच म्हणे.

परवा मी पुलावर होते. खाली प्लॅटफॉर्मवर
एक विनातिकीट पोरगा सुटला, वाऱ्यासारखा.
ती धावली नाही. गुडघा.
डावीकडे एक पाऊल टाकल्यासारखं केलं फक्त,
तो उजवीकडे वळला, सरळ तिच्या पावतीपुस्तकावर.

जुन्या सवयीनं ओरडले मी वरून,
"जुले, मागं ये वो!"
गाडीनं भोंगा दिला.
ती पोराला दंडाला धरून पुढं चालली होती,
त्याला काहीतरी सांगत,
बहुतेक, कुठं चुकलास ते.